बीएमआय २२.७ असूनही पोट सुटले असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवावा की डॉक्टरांवर?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ४१, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो आहे, कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीएमआय २२.७ येऊन त्यापुढे ‘नॉर्मल’ असा शेरा आला आहे, आणि तरीही ९४ सेंटिमीटर कंबर पाहून डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितले आहे. मग खरे कोणाचे मानायचे? मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. तुमच्या बाबतीत डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे, असे मला ठामपणे वाटते.

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. या गणितात चरबी कुठेच मोजली जात नाही. वजनकाट्याला हाड, स्नायू, पाणी आणि चरबी सारखीच. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती अदोल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात, प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते असे दाखवले, पण त्यांचा शोध ‘सरासरी माणसा’चा होता, लठ्ठपणाच्या निदानाचा नव्हता. या गुणोत्तराला बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) हे नाव १९७२ साली अमेरिकेचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांच्या लेखामुळे मिळाले. पाच देशांतील सात हजारांहून अधिक निरोगी पुरुषांची मोजमापे तपासून त्यांनी असे मत मांडले की वजन आणि उंची यांवरून काढल्या जाणाऱ्या निर्देशांकांमध्ये हा किमान इतरांपेक्षा वाईट तरी नाही. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, ही गोष्ट मला नेहमी खटकते.

तरीही बीएमआय टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही, कारण तो एका बाजूला बराच खरा ठरतो आणि दुसऱ्या बाजूला फार चुकतो. अमेरिकेतील तेरा हजारांहून अधिक प्रौढांची माहिती वापरून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शरीरातील चरबीचे प्रमाण वेगळे मोजून त्याची बीएमआयशी तुलना केली होती. ज्यांच्या अंगात जादा चरबी नव्हती, अशांपैकी ३० किंवा त्याहून अधिक बीएमआयमुळे चुकून लठ्ठ ठरलेले पुरुष ५ टक्के आणि स्त्रिया १ टक्का होत्या. मात्र ज्यांच्या अंगात खरोखर जादा चरबी होती, त्यांच्यापैकी बीएमआयने ओळखले ते फक्त ३६ टक्के पुरुष आणि ४९ टक्के स्त्रिया. म्हणजे बीएमआय ३० च्या वर गेला तर तो आकडा बहुधा गंभीरपणे घ्यावा. तालमीत घाम गाळणारा, १७५ सेंटिमीटर उंचीचा आणि ९२ किलो वजनाचा मल्ल हा ठळक अपवाद. पण ‘नॉर्मल’ या शब्दावर विसंबून निश्चिंत होणे धोक्याचे आहे, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तर अधिकच.

याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण पुण्यातलेच आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. डेक्सा या क्ष-किरण तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत असत, त्यामुळे हा सारा फरक वंशाचा म्हणता येणार नाही. पण पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने या फरकाची मुळे जन्मापर्यंत नेली. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती, पण खांद्याच्या फऱ्याखालच्या त्वचेची चिमूट धरून मोजलेली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमतरता स्नायूंची होती. ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय शरीराची कल्पना याच कामातून रुजली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गीकरणात २५ पासून वजन जास्त धरले जाते. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी ती रेषा २३ वर आणली आणि २५ पासून लठ्ठपणा धरला. तुमचा २२.७ या रेषेच्या जेमतेम अलीकडे आहे.

मी हे इतक्या पोटतिडकीने लिहिते त्याला घरचे कारण आहे. माझे वडील सदरा घातला की सडपातळच दिसत. ५८ व्या वर्षी एका तपासणी शिबिरात त्यांचा बीएमआय २१.९ आला आणि वजन उत्तम आहे, साखर तपासायची गरज नाही, असे सांगून त्यांना परत पाठवले. दोन वर्षांनी पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासले, तेव्हा उपाशीपोटीची साखर २१० निघाली. त्या शिबिरात टेपने कंबर मोजायला एक मिनिटही लागले नसते.

भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० मानतात. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी असाही एक सोपा निकष आहे, आणि तुमच्या उंचीला तो ८४ येतो. तुम्ही दोन्हींच्या पुढे आहात. तुम्ही लिहिता की ‘पण मला ३४ ची पँट बसते’; हे माझ्याकडे येणारे अनेक पुरुष सांगतात, कारण पट्टा पोटाच्या खाली बांधलेला असतो आणि मोजायचे ते पोट त्याच्या वर राहते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर, उघड्या अंगावर, सहज श्वास सोडल्यावर टेप आडवी धरावी, आवळू नये आणि पोट आत ओढू नये. जिममधले चरबीची टक्केवारी दाखवणारे यंत्र शरीरातील पाण्यावरून अंदाज बांधते, म्हणून त्याच्या एखाद्या आकड्यावर फार भर देऊ नका.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगानेही हेच सुचवले की लठ्ठपणा ठरवताना बीएमआयच्या जोडीला कंबरेसारखे माप घ्यावे किंवा चरबी थेट मोजावी, फक्त ४० च्या वरच्या बीएमआयला अशा खात्रीची गरज नाही.

तुम्ही आता उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) आणि रक्तदाब यांची तपासणी करून घ्या आणि अहवाल त्याच डॉक्टरांना दाखवा. आहारात आणि चालण्यात बदल केलात, स्नायूंसाठी वजने उचलण्याचा व्यायाम सुरू केलात, तर तीन महिन्यांनी काट्यावर कदाचित ६४ च दिसेल. तेव्हा निराश होऊ नका. त्याच टेपने, त्याच जागी, सकाळी उपाशीपोटी कंबर मोजा आणि ती ९४ वरून किती खाली आली ते पाहा.