पालकांचे प्रश्न : गृहपाठाचे दोन तास

प्रश्न : माझा आठ वर्षांचा मुलगा तिसरीत असून त्याला एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असल्याचे निदान नुकतेच झाले. शाळेच्या डायरीत रोज शेरा असतो, गृहपाठाला दोन तास रडारड होते आणि शेवटी माझाही तोल सुटतो. सासूबाई म्हणतात, लाडाने बिघडला आहे. यजमान म्हणतात, मीही लहानपणी असाच होतो, होईल आपोआप नीट. डॉक्टरांनी औषध सुचवले आहे, पण त्याची सवय लागेल अशी भीती वाटते.
– एक आई, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : आपल्या यजमानांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे वडिलांनाही हाच त्रास झालेला असू शकतो. मात्र पुष्कळ जणांची लक्षणे मोठेपणीही कमी-अधिक टिकतात, तेव्हा वाट पाहत बसणे योग्य नाही. लहानपणी बोलणी खाताना कसे वाटत असे, हे त्यांना आठवत असेल, तर आठवड्यातून निदान तीन दिवस गृहपाठ त्यांनीच घ्यावा. सासूबाईंना डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला सोबत न्या. सुनेच्या शब्दाला नसलेले वजन डॉक्टरांच्या शब्दाला असते, आणि ते वापरून घेण्यात कमीपणा नाही.

दोन तासांची बैठक मात्र बंदच करा. दहा-पंधरा मिनिटे काम, मग पाच मिनिटे उठून हालचाल, असे तुकडे पाडा. ‘दप्तर आवर, हात धू आणि पानावर बस’ असे स्वयंपाकघरातून ओरडून सांगितले, तर त्यातले एखादेच काम त्याच्या ध्यानात राहते. म्हणून जवळ जाऊन, त्याचे लक्ष वेधून, एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि ती होताच तिथल्या तिथे शाबासकी द्या. या मुलांना महिनाअखेरच्या बक्षिसाचे आमिष पुरत नाही.

आता औषधाविषयी. एडीएचडीसाठी सहसा दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध अनेक दशकांपासून वापरात आहे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतल्यास त्याचे व्यसन लागण्याची भीती सहसा नसते. भूक मंदावणे आणि झोप उशिरा लागणे हे त्रास मात्र होऊ शकतात, त्यामुळे सकाळी गोळीआधी पोटभर खायला द्यावे आणि वजन-उंचीची नोंद ठेवावी. औषध सुरू झाले तरी वर सांगितलेली शिस्त सुटता कामा नये.

शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे. परंतु कायद्याची भाषा पहिल्याच भेटीत नको. पुढच्या बाकावर जागा आणि शेऱ्यासोबत दिवसभरातील एक चांगली नोंद, एवढेच बाईंकडे मागा. वाचन-लेखनातही तो मागे असल्यास अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, कारण ही दोन्ही अनेकदा एकत्र आढळतात. खासगी खर्च झेपत नसेल, तर ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करता येईल.

आपल्या स्वतःच्या थकव्याविषयी बोलण्यासाठी टेलिमानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची शासकीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास स्वतःसाठी डॉक्टरांना भेटा; त्यासाठी मुलाच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.