पुरात दुकानातला माल गेला, तर जीएसटी आणि आयकरात काही सूट मिळते का?

तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रिकच्या दुकानात पाणी शिरलं, पंखे-मिक्सर सगळे चिखलात गेले, विमा आहे, आणि आता करात काय सवलत मिळेल. मी चिपळूणला करसल्लागार आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत भरलं तेव्हा माझंही ऑफिस बुडालं होतं. पुढचे कित्येक महिने हाच प्रश्न घेऊन माणसं येत होती.

आधी जीएसटीचं सांगतो, कारण खरा फटका तिथेच बसतो. नष्ट झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची आपल्या करातून घेतलेली वजावट, सरकारला परत करावी लागते. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) मध्ये चोरीला गेलेला, हरवलेला, नष्ट झालेला माल एकाच ओळीत बसवलाय, पुराला वेगळी सूट नाही. १० लाखांचा माल १८ टक्क्यांनी घेतला असेल, तर १,८०,००० रुपये परत. माल गेला तो गेलाच, वर हे. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आज तो आहे.

म्हणून दोन गोष्टी सांभाळा. विम्याचा क्लेम करताना मालाची किंमत जीएसटीसकट लावा आणि क्रेडिट परत केल्याचं ३बी रिटर्न (विक्रीवरचा कर आणि क्रेडिट दाखवणारं जीएसटीचं विवरणपत्र) जोडा. नुकसान मोजायला विमा कंपनीनं पाठवलेले सर्व्हेअर बरेचदा 'क्रेडिट तर तुम्हाला मिळतंच' असं धरून कर वगळतात, आणि व्यापारी गप्प बसतो. गप्प बसू नका. दुसरं, जो माल पुसून, वाळवून पडत्या भावात विकता येतो, तो नष्ट झालेला नाही. त्यावर बिल फाडा, कर लावा, त्याचं क्रेडिट परत करायची गरज नाही. सगळाच माल एकदम राइट ऑफ, म्हणजे हिशेबातून बाद, करून टाकणारे मी पाहिलेत, त्यांनी फुकट पैसे भरले.

आयकरात चित्र बरं आहे. गेलेला माल अखेरच्या स्टॉकमध्ये धरायचा नाही, म्हणजे तोटा आपोआप हिशेबात येतो. परत केलेला जीएसटीही खर्चात जातो. विम्याचे पैसे मात्र जमेला धरावे लागतात. त्यानंतरही धंद्यात तोटा उरला, तर तो पुढची ८ वर्षं ओढता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. पुराच्या धावपळीत नेमकी हीच तारीख हुकते.

सरकारकडून आपत्तीची भरपाई व्यक्तीच्या नावावर आली तर ती करमुक्त. ज्या नुकसानाची वजावट आधीच घेतली तेवढा भाग सोडून. ही सवलत कंपनीला किंवा भागीदारी फर्मला नाही.

मुदतवाढ कधीकधी मिळते. २०१९ च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीसाठी जुलैचं ३बी २० सप्टेंबरपर्यंत भरायला दिलं होतं. पण ती फक्त तारीख पुढे जाते, कर माफ होत नाही.

आता कागद. चिखल काढायच्या आधी फोटो घ्या, भिंतीवरची पाण्याची रेघ आणि मालाचे खोके एकाच फोटोत येतील असे. तलाठ्याचा पंचनामा झाला की त्याची प्रत मागून घ्या. स्टॉक रजिस्टरमध्ये नष्ट झालेल्या मालाची वेगळी नोंद करा.

आणि वह्या भिजल्या म्हणून हातपाय गाळू नका. आमच्याकडे भांड्यांच्या एका दुकानदाराच्या फायली अक्षरशः लगदा होऊन आल्या होत्या, पानं सोडवायला गेलं की हातात चुरा यायचा. जीएसटी पोर्टलवरच्या २बी मधून (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून बनणारं आपल्या खरेदीचं पत्रक) त्यांची सगळी खरेदी बिलवार काढली, कॅश क्रेडिटसाठी (मालाच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जासाठी) बँकेत दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट मागवलं आणि दोन्ही जुळवून यादी केली. सर्व्हेअरनं तीच यादी धरली.