माफ करायचं म्हणजे पुन्हा सही करायची का?

“सगळे म्हणतात, सोडून दे. जमीन सोडली, माहेर सोडलं. अजून काय सोडू, मॅडम?”

पहिल्या भेटीत ताई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. वय 59, राहायला साताऱ्यात, माहेर फलटण तालुक्यातलं. (त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आल्या होत्या झोपेच्या तक्रारीसाठी. पहाटे तीनला डोळा उघडायचा तो उघडायचाच. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू होत्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही सापडलं नाही, म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं. ऐकता ऐकता कळलं की धाकट्या भावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घरात येऊन पडली होती. जायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्या पोटात ढवळत होता.

वडील 2009 साली गेले. पुढच्या वर्षी भावाचा फोन आला, वारसाची नोंद करायची आहे, सहीला ये. त्या गेल्या. दुय्यम निबंधक कार्यालयात नंबर आल्यावर फोटो काढला, अंगठा घेतला आणि समोरच्यांनी विचारलं, “हक्कसोड राजीखुशीनं देताय ना?” तो शब्द त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. भावाकडे पाहिलं, तो भिंतीकडे बघत होता. मागे माणसं खोळंबली होती. ताईंनी मान हलवली.

हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला, लग्न झालेलं असो वा नसो. पण हक्क कागदावर आला तसा तो सोडून देणारा कागदही घरोघरी तयार झाला. माहेर तुटू नये म्हणून आपणहून सही करणाऱ्या कितीतरी बहिणी मी पाहिल्या आहेत. ताईसुद्धा म्हणाल्या, “मागितलं असतं तर दिलं असतं हो. आठ वर्षांनी लहान आहे माझ्याहून. त्याला कडेवर घेता यावं म्हणून माझी शाळा सातवीला सुटली.”

त्यांचा खरा प्रश्न दुसऱ्या भेटीत आला आणि तो मला जवळजवळ दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं. “मी माफ केलं तर त्यानं केलं ते बरोबर होतं, असंच झालं ना?”

नाही. क्षमेवर आयुष्यभर संशोधन केलेले अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट हा फरक सर्वांत आधी स्पष्ट करतात. माफ करणं म्हणजे चुकीला चूक न म्हणणं नाही, विसरणं नाही, पुन्हा संबंध जोडणंही नाही. माफी एकट्यानं देता येते. समेटाला दोघं लागतात, आणि दुसऱ्यानं आपली चूक कबूल करावी लागते. मी ताईंना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली, तशीच, जशी त्या कार्यालयात हलवली असेल. मला ते तेव्हा दिसलं नाही.

तिसऱ्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं, त्यांची तगमग बघवत नव्हती. मी त्यांना भावाला उद्देशून एक पत्र लिहायला सांगितलं. पाठवायचं नाही, फक्त ‘मी तुला माफ करते’ इथपर्यंत पोहोचायचं. पुढच्या वेळी त्या कोरा कागद घेऊन आल्या, घडी घातलेला. माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “तुम्हीपण सहीच मागताय की.”

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. काय द्यायचं आहे हे न वाचता, मागे लोक खोळंबलेत म्हणून दिलेली माफी म्हणजे दुसरं हक्कसोडपत्रच. ‘आपलंच माणूस आहे’, ‘झालं गेलं गंगेला मिळालं’, ‘मोठेपणा घे’ असं म्हणणारे नातेवाईक वाईट नसतात, त्यांना घरात शांतता हवी असते. पण त्या शांततेची किंमत नेहमी ज्याला लागलं त्यानंच का मोजायची? मी ताईंची माफी मागितली आणि आम्ही मागे गेलो.

आधी काय काय गेलं ते मोजायचं, असं ठरलं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी 1986 पासून अभ्यासलेली एक साधी पद्धत आहे: सलग चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, मनाला सर्वांत जास्त लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. लिहून झाल्यावर काही वेळ जड वाटतं, रडूही येतं, म्हणून झोपण्याआधी हा उद्योग नको. आणि जखम अगदी ताजी असेल किंवा स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर हे एकट्यानं करू नये. तेव्हा माणूस सोबत हवा. (टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक अशा वेळी चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.) सातवी झालेल्या ताईंनी नातवाच्या जुन्या वहीची मागची पानं घेतली.

पाचव्या दिवशी आल्या त्या वही घेऊनच. दाखवू नका म्हटलं होतं तरी एक पान उघडून त्यांनी मला वाचायला लावलं. पहिल्या तीन दिवसांत जमीन होती, विहीर होती, बांधावरचा आंबा होता. चौथ्या दिवशी एक डबा होता. त्या दिवशी सहीला जाताना त्यांनी आईसाठी बेसनाचे लाडू नेले होते, पितळी कडीच्या डब्यात. काम झाल्यावर घरी जाऊ, आईला भेटू असं मनात होतं. भावानं मोटारसायकल स्टँडवर आणली आणि म्हणाला, “चारची सातारा गाडी लागलीय बघ. आई झोपली असेल आता.” गाव तिथून बारा किलोमीटर. त्या गाडीत बसल्या. भरलेला डबा मांडीवर घेऊन सातारला परत आल्या. मग हिय्या करून माहेरी जाणं झालंच नाही, आणि पुढच्या वर्षी आई गेली.

“जमिनीचं नाहीच हो,” त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

चौदा वर्षं सगळे त्यांना जमिनीबद्दल माफ करायला सांगत होते. दुखत होतं भलतीकडेच. माझ्या अनुभवात हे फार वेळा होतं. सासूनं घेतलेल्या दागिन्यांबद्दल बोलणारी बाई खरं तर बाळंतपणात कोणी एक पेला पाणी दिलं नाही, तिथे अडकलेली असते. नेमकी जागा सापडेपर्यंत फुंकर घालून उपयोग नाही.

त्यानंतरच्या भेटींत राग आला, खरा. त्याला मी येऊ दिलं. मग एक दिवस कळलं की त्यातला मोठा वाटा भावावर नाहीच. “मी मान का हलवली? मी म्हटलं का नाही, आधी आईला भेटव?” स्वतःला माफ करणं दुसऱ्याला माफ करण्याहून अवघड जातं. इथे मला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती उपयोगी पडते, कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी वाचकांनाही परिचयाची आहे. त्यानं असं वागायला नको होतं, ही इच्छा रास्त आहे. ‘त्यानं असं वागायलाच नको होतं’ या ‘च’ मध्ये मात्र हट्ट आहे, घडून गेलेल्या दिवसाशी धरलेला. तो हट्ट रोज पहाटे तीनला उठून बसतो. ताईंच्या बाबतीत तो दोघांवर होता: त्यानं वागायलाच नको होतं आणि मी गप्प बसायलाच नको होतं. मी विचारलं, “तुमच्या सुनेला भर कार्यालयात असं कोणी गाठलं असतं, आणि ती गप्प राहिली असती, तर तिला काय म्हणाला असता?” त्या लगेच म्हणाल्या, “बिचारी घाबरली असेल.” मग स्वतःच थांबल्या.

मी त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही पाठवलं. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी तिथे वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. समुपदेशकानं कोर्टाची वाट का दाखवावी, असं एका सहकाऱ्यानं विचारलं होतं. कारण आपल्या हातात काय आहे हे माहीत असल्याशिवाय सोडणं म्हणजे सोडणं नव्हेच. मनातून माफ करून दावा लावणाऱ्या बायकाही आहेत. त्यात विसंगती नाही. ताईंनी सगळं समजून घेतलं, दोन दिवस विचार केला आणि दावा न लावण्याचं ठरवलं. या वेळी राजीखुशीनं.

जिथे मारहाण, छळ अजून चालू आहे तिथे मी क्षमेचा विषयसुद्धा काढत नाही. तिथे आधी सुरक्षितता.

लग्नाला त्या गेल्या. अक्षता टाकल्या, भाचीला साडी दिली. भाऊ जवळ येऊन “अक्का, जेवून जा” एवढंच म्हणाला. त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. त्या जेवल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या. राखी अजून बांधत नाहीत, बांधावी असं मीही म्हटलेलं नाही. भाऊबीजेला त्याचा फोन येतो, दोन मिनिटं बोलतात. झोप आता पाचपर्यंत लागते, पित्त अधूनमधून आहेच.

शेवटच्या भेटीत निघताना मी डब्याबद्दल विचारलं. तो इतकी वर्षं त्यांनी माळ्यावर रिकामा ठेवला होता.

“खाली काढला,” त्या म्हणाल्या. “रवा भरलाय त्यात.”