जग बुडाल्यावरची पुस्तकं: सुरुवात कुठून करू?

प्रश्न: झॉम्बीच्या सिरीज बघून बघून वीट आला, सगळीकडे तेच, पळा आणि गोळ्या घाला. जग संपल्यावर पुढे काय, अशा चांगल्या कादंबऱ्या सांगा ना. इंग्रजी वाचते पण फार जड नको. मैत्रीण म्हणते 'द रोड' घे, घेऊ का? मराठीत काही आहे का? – एक वाचक, डिचोली

उत्तर: 'द रोड' घ्या, पण पहिलीच नको. कॉर्मॅक मॅकार्थीच्या या २००६ च्या कादंबरीला पुलित्झर पुरस्कार मिळालाय, वाक्यं छोटी आहेत, पण संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, प्रकरणं नाहीत, जग कशाने जळलं तेही लेखक सांगत नाही, नुसते बाप-लेक ट्रॉली ढकलत राखेतून चाललेत. एके ठिकाणी बापाला कोका-कोलाचा एकच कॅन सापडतो, तो पोराला देतो, आणि पोराला बरोबर कळतं की हे परत कधी मिळणार नाही. असलं वाचून दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

तुम्ही 'स्टेशन इलेव्हन'पासून सुरू करा. एमिली सेंट जॉन मँडेलची, २०१४ ची, इंग्रजी सोपं. फ्लूने जग ओस पडलंय आणि वीस वर्षांनी एक नाटकमंडळी घोडे जुंपलेल्या गाड्यांतून गावोगाव शेक्सपिअर करत फिरतेय. आपल्याकडे जत्रेला रात्रभर नाटक बघणाऱ्यांना ही मंडळी लगेच ओळखीची वाटेल. विमानतळावर अडकलेले लोक तिथेच वस्ती करतात, बंद पडलेले मोबाईल आणि क्रेडिट कार्डं म्युझियममध्ये मांडतात, मला तो भाग सगळ्यात आवडला.

पण एकच वाचणार असाल तर जॉर्ज स्टुअर्टची 'अर्थ अबाइड्स', १९४९ ची. साथीत जवळजवळ सगळे जातात, उरलेली मूठभर माणसं सॅन फ्रान्सिस्कोजवळ एकत्र येतात, पोरंबाळं होतात, जुने डबे फोडून खातात, नळाला पाणी येतंय ना मग झालं. एक दिवस नळ कोरडा, आणि पाणी येतं कुठून हे इतक्या वर्षांत कोणी बघितलंच नव्हतं! आपल्या परसात निदान बांय, म्हणजे विहीर, तरी असते, म्हणजे बुजवून वर पार्किंग केलं नसेल तर. नायक इश पोरांना वाचायला शिकवायला जातो, युनिव्हर्सिटीची लायब्ररी शाबूत आहे पण पोरांना काडीचा इंटरेस्ट नाही, शेवटी खेळ म्हणून धनुष्यबाण करायला शिकवतो आणि पुढे टिकतो तो धनुष्यबाणच. मधेमधे रेंगाळते, बायकांबद्दलची मतंही त्या काळातलीच, तरी झॉम्बीवाल्यांना जमलं नाही ते हिला जमलंय.

हे सगळं अमेरिकेतलं म्हणून लांबचं वाटत असेल तर जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चच्या मनोऱ्याखाली जरा उभ्या राहा, साथींनी तेवढं मोठं शहर ओस पडलं आणि १८४३ मध्ये पोर्तुगीजांची राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. यावर कादंबरी कोणीतरी लिहायला पाहिजे खरं.

मराठीत असं कमीच आहे. जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' वाचा, मुंबईत बर्फ पडतो तिथून सुरुवात. कथा आहे, कादंबरी नाही, आणि प्रलयानंतरची नाही तर प्रलयाचीच, पण एका बैठकीत संपते. विकत घ्यायच्या आधी पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून बघा.