'हे दिवाणी आहे, कोर्टात जा' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न विचारणारे देवगडकडचे आहेत. चुलतभावाने हद्दीवरचा गडगा (दगडांचा बांध) पाडून यांच्या बाजूला सरकवून घातला, वर तिथल्या काजूच्या बियापण गोळा करून नेल्या, पोलीस ठाण्यात गेले तर साहेब म्हणाले हे दिवाणी आहे, कोर्टात जा. आता त्यांना विचारायचंय की दिवाणी म्हणजे काय, त्यात दिवाण कुठून आला, आणि सरळसरळ चोरी झाली असताना फौजदारी का नाही.

आधी शब्दाचं बघू. दिवाण फारसीतून आला, मूळ अर्थ हिशेबाची वही, दफ्तर, मग ते दफ्तर सांभाळणारा अधिकारी. मुघल अमलात सुभ्याचा दिवाण म्हणजे महसूल बघणारा, त्यामुळे जमीन, सारा, देणंघेणं यातली भांडणं त्याच्याकडे. फौजदार म्हणजे फौज बाळगून असलेला, दरोडे, मारामाऱ्या, बंडाळी मोडणं हे त्याचं काम. 1765 साली ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी मिळाली आणि 1772 साली वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यात दिवाणी अदालत वेगळी आणि फौजदारी अदालत वेगळी अशी रचना केली. ती नावं पुढे आपल्याकडेही रुजली, अदालती गेल्या पण विशेषणं राहिली. आपण अजून पीएसआयला फौजदार म्हणतो तो हाच शब्द.

आता खरा फरक. माझं मत असं की 'केस' या एका शब्दाने आपलं फार नुकसान केलंय, कारण 'त्याच्यावर केस टाकली' म्हटलं की काय टाकलं तेच कळत नाही. मराठीत शब्द किती चोख आहेत बघा. दिवाणीत दावा लागतो, लावणारा वादी, समोरचा प्रतिवादी, आणि शेवटी मिळतो तो हुकूमनामा. फौजदारीत फिर्याद असते, फिर्यादी आणि आरोपी असतात, खटला चालतो, आणि शेवटी शिक्षा नाहीतर निर्दोष सुटका. दावा म्हणजे हक्क सांगणं, फिर्याद म्हणजे मूळ फारसीत मदतीसाठी मारलेली हाक, आपल्या गाऱ्हाण्याच्या जवळचं. आणि हे गाऱ्हाणं एकदा सरकारने ऐकलं की भांडण तुमचं राहत नाही, खटल्याचं नाव 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असं पडतं, वकील सरकारी असतो आणि तुम्ही त्यात साक्षीदार. म्हणून दिवाणीत भावकी बसून तडजोड करून दावा मिटवू शकते, फौजदारीत मात्र ठरावीक गुन्हेच मिटवता येतात. पुराव्याचंही तसंच, दिवाणीत कोणाची बाजू जास्त संभवनीय वाटते ते बघतात, फौजदारीत वाजवी संशयाला जागा राहता कामा नये, कारण तिथे माणूस तुरुंगात जायचा असतो.

मग काजू नेले ती चोरी का नाही? पोलिसांच्या फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य असतं, 'लबाडीच्या इराद्याने चोरून नेले'. त्यातली लबाडी महत्त्वाची. भारतीय न्याय संहितेत (1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेली) चोरी कलम 303 मध्ये आहे आणि तिथेही वस्तू अप्रामाणिकपणे नेली पाहिजे. चुलतभाऊ खरोखर समजत असेल की ती झाडं त्याच्या हद्दीतली आहेत, तर तो आपलेच काजू नेतोय असं मानून नेतोय, चुकीचं असेल पण लबाडी नाही. आधी हद्द कोणाची हे ठरल्याशिवाय चोरी ठरत नाही, आणि हद्द ठरवणं हे पोलिसांचं कामच नाही. आपल्याकडे आजोबांच्या नावचा सामायिक सातबारा, वाटप फक्त तोंडी, अर्धे हिस्सेदार मुंबईला, त्यात तर हे फारच होतं.

पण म्हणून पोलिसांनी दरवेळी दिवाणी म्हणून हात झटकावेत असंही नाही. त्याने कोयती दाखवून धमकी दिली, मारलं, किंवा तुमची झाडं आहेत हे माहीत असून सूड म्हणून तोडली, तर तो गुन्हाच, आणि हद्दीचा दावा शेजारी चालू असला तरी खटला वेगळा चालतो. तक्रारीतून दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात असा) दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने 2013 च्या ललिता कुमारी निकालात सांगितलंय. एक गंमत म्हणजे तालुक्याच्या कोर्टात बऱ्याचदा दोन्ही कामं एकाच साहेबांपुढे चालतात, पाटीवर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असं दोन्ही लिहिलेलं असतं.

आणि फक्त पाणंद किंवा शेतात जायची वाट अडवली असेल तर दोन्हीकडे न जाता तहसीलदाराकडे जाता येतं, मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

तुमच्यासाठी मात्र भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून हद्द कायम मोजणी आणि मग वकिलाकडून मनाई हुकूम आणि ताब्याचा दावा हाच रस्ता. मालकी हक्कावर ताबा मागायला बारा वर्षांची मुदत असते, पण जबरदस्तीने ताबा गेल्यापासून सहा महिन्यांत दावा लावला तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 6 खाली मालकी सिद्ध न करता नुसता आधी ताबा होता एवढं दाखवून जागा परत मागता येते. तेव्हा गडगा नेमका कधी सरकला ती तारीख, त्या वेळी कोण हजर होतं, फोटो असतील तर ते, हे सगळं आजच कागदावर काढून ठेवा.