आधी कंदील पुसा

पाषाण, पुणे

बाळ,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. १५५ मिलिमीटरच्या तोफेत लेझरने दारू पेटवायचं काम तुझ्याकडे आलं, आणि तू दोन पानं नुसती लेझरवर लिहिलीस. लेझर विकत मिळतो गं. जीव खाते ती काच.

जुन्या तोफांना कान असायचा. त्यात रंजक भरून बत्ती द्यायची. शत्रूची तोफ निकामी करायची तर त्याच कानात खिळा ठोकायचा. आता कानाच्या जागी ब्रीचमधला, म्हणजे तोफेच्या मागच्या झाकणातला, प्रायमर आला: दारू पेटवणारी छोटी कुपी. दर गोळ्यामागे नवा घाला, जुना काढा. भराभर मारा करायचा तर तिथेच अडतं. म्हणून अमेरिकेने क्रुसेडर तोफेत लेझर घेतला. २००२ मध्ये तो अख्खा प्रकल्प गुंडाळला, पण त्यात लेझरचं पाप नव्हतं. तोफच जड वाटायला लागली होती.

किरण ब्रीचमधल्या काचेच्या खिडकीतून चार्जच्या, म्हणजे गोळ्यामागे भरलेल्या दारूच्या, बुडाशी असलेल्या काळ्या दारूवर पडतो. तिच्यात कोळसा, म्हणून १.०६ मायक्रॉनचा किरण ती झटकन पिते. गोळा ढकलणाऱ्या फिकट प्रक्षेपक दारूत तोच किरण खोलवर पसरतो आणि पृष्ठभाग तापायला उशीर होतो. चार्ज एकामागे एक ठेवलेल्या मॉड्यूलचा, म्हणजे सुट्या तुकड्यांचा; पुढे ज्वाला मधल्या नळीतून शेवटच्या मॉड्यूलपर्यंत एका दमात गेली पाहिजे. नुसतं बूड पेटलं, तर दाबाच्या लाटा मागेपुढे आपटतात. अशाने ब्रीच फुटल्या आहेत. इथे लेझर कितीही भारी आणलास तरी उपयोग नाही.

आता त्या खिडकीची काच. एका चाचणीच्या रिगवर (कुठल्या ते राहू दे) आमचा चार्ज पेटेना. मीटरवर ऊर्जा चोख. ठरलेली वेळ थांबून, चार्ज काढून, अख्खी दुपार मी किरण आणणाऱ्या फायबरला शिव्या घातल्या. संध्याकाळी फिटरमामांनी काच काढून उजेडाकडे धरली. तपकिरी, चिकट.

"साहेब, वात बरोबर आहे. आधी कंदील पुसा."

आमचा मीटर काचेच्या अलीकडे होता! मान खाली घालून चहा प्यायलो.

थोडी काजळी किरण स्वतःच उडवतो, हे खरं. त्यावर विसंबू नकोस. चिकटलेला ठिपका तापतो, वर पूर्ण चार्जला तीन हजार वातावरणांहून जास्त दाब; नीलमाची काचसुद्धा तिथून तडकते. तेव्हा ऊर्जा काचेच्या पलीकडे मोज. कितव्या फेरीला किती घटली, ते वहीत लिही. माझ्या मते पहिले सहा महिने एवढंच काम पुरे. आणि चष्मा घातल्याशिवाय रिगपाशी जायचं नाही. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे घेऊन जातो.

रविवारी घरी ये. अशीच तडकलेली एक काच कपाटात जपून ठेवली आहे. चीर कुठून सुरू झाली, ते भिंगाखाली तूच शोध. काकू थालीपीठ लावणार आहे.

तुझा,
काका