तारेवरचे विमान: नवशिक्यासाठी

तारेवरचे विमान म्हणजे हातातल्या मुठीला (हँडलला) तारांनी जोडलेले, आपल्याभोवती गोल फिरणारे इंजिनाचे छोटे मॉडेल विमान. बेळगावात पावसाळी वारा निवल्यावर, भातकापणी झालेल्या वडगावच्या शिवारात सराव सुरू करावा; मात्र विजेच्या तारांजवळ विमान कदापि उडवू नये, कारण आपल्या मुठीपासून विमानापर्यंतच्या तारा पोलादी असतात. प्रत्येक उड्डाणापूर्वी सहकाऱ्याला विमान धरायला सांगून मूठ जोराने ओढून पाहावी आणि ती वर कलवताच एलेव्हेटर (शेपटीवरची हलती पट्टी) वर उचलला जातो, याची खात्री करावी. माझ्या तारा एकदा उलट जोडल्या गेल्या होत्या. विमान नाकावर आपटले आणि इंजिनात तांबडी माती भरली. दुरुस्तीत घाई नको: इंधनातील एरंडेल विमानाच्या बाल्सा या हलक्या लाकडात मुरलेले असते, ते स्पिरिटने दोन-तीनदा पुसून, पूर्ण वाळवून मगच इपॉक्सी हे चिकटद्रव्य लावावे, अन्यथा सांधा लवकरच उकलतो. मोडलेल्या दातेरी कडा घासू नयेत. त्याच एकमेकींत नेमक्या बसतात.